परसातलं डाळिंब आणि सातबारावरचं डाळिंब

आमच्या बचत गटातल्या बायका परसात डाळिंब लावतायत. म्हणून आज या झाडाचा इतिहास सांगतो.

डाळिंब मूळचं इराणकडचं. पण आपल्याकडंही ते इतकं जुनं, की चरकसंहितेत ‘दाडिम’ नावानं येतं. त्या दाडिमाचंच आपलं डाळिंब झालं. खेड्यात हे झाड मोरीच्या सांडपाण्यावर वाढायचं. दाणे लेकरांना, वाळवलेली साल पोट बिघडलं की औषधाला. झाड कुणी लावलं, कुणी जगवलं, याची नोंद कुठल्याच कागदावर नसायची.

कागदावर आलं ते बागेतलं डाळिंब. 1936 साली पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी आळंदी जातीतून मऊ बियांचं झाड निवडलं. 1970 साली त्याला ‘गणेश’ हे नाव मिळालं. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबागेला अनुदान सुरू झालं आणि सोलापूर, धाराशिवकडच्या हलक्या रानातही कमी पाण्यावर बागा उभ्या राहिल्या. पुढं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा लालबुंद ‘भगवा’ आला.

पण अनुदानाला सातबारा लागतो, आणि तो बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. खुरपणी, तोडणी, प्रतवारी बायकांनी करायची. बाजारातली पट्टी मालकाच्या नावानं यायची. 2005 साली सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झालं. त्याच वर्षी कायदा बदलून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. केंद्राची माहिती गावोगाव पोचली; हक्काची तेवढी पोचली नाही.

मग तेल्या रोग आला. पानाफळांवर तेलकट डाग, फळाला चिरा. बागाच्या बागा काढाव्या लागल्या. म्हणून परसातलं झाडही बेवारस ठेवू नका, त्यावरचा रोग शेजारच्या बागेत जातो. डागाची फळं, फांद्या काढून जाळा. रोगट झाडाची गुटी घेऊ नका. बी लावलं तर आईसारखं फळ येईलच असं नाही, म्हणून पावसाळ्यात निरोगी झाडाची गुटी बांधा. पाणी थोडं पण नेमानं द्या; ताण देऊन एकदम भरपूर दिलं की फळ तडकतं. फूल लागल्यापासून पाच-सहा महिन्यांनी फळाच्या कडा चपट्या होतात, टिचकी मारली की खणखणीत वाजतं. तेव्हा कात्रीनं देठासकट कापा. ओढू नका, फांदी सोलते. कच्चं तोडलेलं डाळिंब घरात ठेवून पिकत नाही.

राहिला कागद. परसातली फळं विकली तर ते पैसे गटाच्या वहीत त्या बाईच्याच नावावर लिहायचे, असं आम्ही ठरवलंय. रक्कम लहान असेल, पण नोंद होते. रानाचंही तसंच. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लागतं. वडील वारले असतील तर वारस नोंदीत आपलं नाव आहे का, ते तलाठ्याकडं जाऊन बघा. आणि हक्कसोडपत्रावर सही मागितली, तर आधी ते कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या.