टाकी भरतच नाही!

गुरुवार, संध्याकाळी 6. बाकी 90 तास.
इंडियानापोलिसचं एक उपनगर. ड्राइव्हवेवर उभ्या ट्रॅव्हल ट्रेलरखाली साडूभाऊ आडवे झालेत, बाहेर फक्त त्यांचे पाय दिसतात. सोमवारी लेबर डे. उद्या सकाळी दोन्ही कुटुंबांनी मिशिगन सरोवराकाठी, इंडियाना ड्यून्सला निघायचं ठरलंय. आणि मागच्या चाकाजवळ थेंब पडतोय.
"पाणीच आहे," खालून आवाज येतो. मग जरा थांबून, "साधं नाहीये पण."
या ट्रेलरला टाक्या तीन. एक पिण्या-वापरायच्या पाण्याची, एक सिंक नि बाथरूमच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. गळतेय ती तिसरी.

गुरुवार, रात्री 8. बाकी 88 तास.
थेंब पडतो तिथे भोक नसतं, हे दोन तासांत कळलं. ट्रेलरचं पोट खालून पोकळ नळ्यांच्या पातळ प्लॅस्टिक पत्र्याने झाकलेलं असतं. वर थंडीसाठी काचलोकरीचं अस्तर. टाकी कुठेही गळो, पाणी त्या पत्र्यावरून हिंडतं आणि फट सापडेल तिथून बाहेर येतं. साडूभाऊंनी कटरने पत्रा तीन बाजूंनी कापला, तेव्हा आधी भिजलेली लोकर त्यांच्या छातीवर पडली आणि मग तड दिसली. टाकीतून तीन इंची पाइप निघतो त्याच्या बुंध्याशी, बोटभर लांब. पाइपाला पुढे वजनदार व्हॉल्व्ह, आणि मध्ये कुठेही आधाराची पट्टी नाही. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो पाइप पहारीसारखा टाकीचा बुंधा उचकटत आलाय.

गुरुवार, रात्री 10. बाकी 86 तास.
टाकी कोणत्या प्लॅस्टिकची? साडूभाऊंच्या पत्नीचा, ताईंचा, नेलपॉलिश रिमूव्हर मागवला. त्यात अ‍ॅसिटोन असतं. एबीएस प्लॅस्टिक असेल तर बोळा चोळल्यावर ते चिकट होतं, आणि मग त्याच जातीच्या सिमेंटने तड छान सांधता येते. इथे बोळा काळा झाला, टाकी ढिम्म. म्हणजे पॉलिइथिलीन.
ही वाईट बातमी. पॉलिइथिलीनला गोंद धरत नाही, म्हणून तर निम्मी रसायनं त्याच्याच डब्यांतून विकतात. आमच्या सांगलीच्या गच्चीवरची काळी टाकी याच प्लॅस्टिकची. ती तडकली की टाकी दुरुस्त करणारा येतो, लोखंड तापवतो आणि त्याच प्लॅस्टिकचा तुकडा वितळवून तडीत भरतो. शहाणा असेल तर आधी तडीच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडतो, म्हणजे तड पुढे पळत नाही. हे मी साडूभाऊंना सांगितलं.
"अहो, हे इपॉक्सी आहे. विमानाला लावतात," ते म्हणाले. वेष्टनावर 'प्लॅस्टिकवर चालते' असं ठळक छापलं होतं. कोणत्या प्लॅस्टिकवर, ते मागे, मुंगीच्या अक्षरांत.
खरा उपाय टाकी बदलणं. पण त्याच मापाची, त्याच जागी भोकं असलेली टाकी मिळवायची. संडासाचं भांडं नि त्याखालची फ्लँज काढायची, वासाचा पाइप आणि व्हॉल्व्ह सोडवायचा. मग टाकीखाली जॅक लावून, ती पेलणारे लोखंडी अँगल काढून ती अलगद उतरवायची. टाकी हाताशी असेल तर दिवसभराचं काम. रात्री दहा वाजता ती हाताशी नव्हती.

गुरुवार, मध्यरात्र. बाकी 84 तास.
चाचणी. तडीला इपॉक्सी लावून झाल्यावर पाव टाकी पाणी भरलं, खाली कोरडा कागद अंथरला. तासाभरात एक थेंब नाही! टाळ्या. कापलेला पत्रा स्क्रू आणि टेप मारून बंद.
ही चाचणी उभ्या ट्रेलरची होती. चाळीस गॅलनची टाकी भरली की आत दीडशे किलो वजन होतं, तळ खाली झुकतो आणि चालत्या गाडीत ते सगळं हिंदकळतं. शिवाय लोंबणारा पाइप लोंबतच होता. हार्डवेअरच्या दुकानातल्या वीतभर पट्टीचं काम होतं ते. इपॉक्सीपेक्षा तीच जास्त गरजेची होती, असं माझं आजही मत आहे.

शुक्रवार, सकाळी 11. बाकी 73 तास.
आय-65 वरून उत्तरेला. व्हाइट काउंटीतल्या पवनचक्क्या संपल्या, जॅस्पर काउंटी लागली आणि मोबाइलमधलं घड्याळ एक तास मागे गेलं. इंडियानाच्या वायव्य कोपऱ्यात शिकागोची वेळ चालते. फुकटचा तास मिळाला म्हणून मुलं खूश.

शुक्रवार, दुपारी 1 (शिकागोची वेळ). बाकी 70 तास.
कॅम्पिंगच्या तळावर प्रत्येक जागेला वीज आहे, मैलापाण्याची जोडणी नाही. जे काय होईल ते टाकीत साठवायचं आणि निघताना डंप स्टेशनवर ओतायचं. सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, पण रात्री टॉर्च घेऊन तिकडे कोण जाणार? माणसं सात.

शनिवार, सकाळी 9. बाकी 50 तास.
ताई: "अहो, टाकी अजून एक तृतीयांशच दाखवतेय!"
या दिव्यांवर ट्रेलरवाल्यांचा विश्वास नसतो. आतल्या सेन्सरांना कागद चिकटतो आणि रिकामी टाकीही भरलेली दिसते. इथे उलट होत होतं, म्हणून सगळ्यांना ते खरं वाटलं. साडूभाऊंनी याचं श्रेय कमी पाण्याच्या फ्लशला दिलं. मुलांना मोकळीक मिळाली.

शनिवार, संध्याकाळी 6. बाकी 41 तास.
वास. एकमताने तो शेजारच्या ट्रेलरचा ठरला.

रविवार, सकाळी 7. बाकी 28 तास.
दिवा एक तृतीयांशवरच. शेजारी रात्रीच निघून गेले होते. वास नाही.

रविवार, रात्री 9. बाकी 14 तास.
धाकट्याचा चेंडू ट्रेलरखाली गेला. तो बाहेर येऊन म्हणाला, "काका, खाली फुगा आलाय."
मी टॉर्च धरला, साडूभाऊ वाकले. पत्र्याला चाकांच्या मागे चांगला हातभर फुगवटा आला होता. इपॉक्सी बहुधा पहिल्याच वाटेत सुटलं असावं. तेव्हापासून टाकी पत्र्यात रिकामी होत होती आणि वर दिवा इमानाने खरं तेच सांगत होता. काठाने थोडं झिरपायचं, ते वाळू पिऊन टाकायची.
आता काय? भोक पाडून बादलीत काढायचं तर किती बादल्या, आणि रात्रीच्या वेळी ओतायच्या कुठे? तळाच्या जमिनीवर सांडणं हा गुन्हा. "एवढे तास धरलंय, उद्या डंपपर्यंत धरेल," असा निर्णय झाला. ताईंनी मत दिलं नाही. त्या उठल्या आणि मुलांना घेऊन सार्वजनिक स्वच्छतागृहाकडे गेल्या.

सोमवार, सकाळी 10. बाकी 1 तास.
ट्रेलर गाडीला जोडला. जोडताना पुढचा दांडा खाली आला आणि फुगवटा सरकत पुढे, चाकांमध्ये आला. एक स्क्रू खाली पडला.

सोमवार, 10:40. बाकी 20 मिनिटं.
सुट्टी संपली, सगळा तळ एकदम उठलाय. डंप स्टेशनला रांग. आमच्या पुढे पाच गाड्या, मागे त्याहून जास्त. दर वेळी गाडी वीस फूट सरकते, थांबते, आणि पत्र्यातलं पाणी तसंच पुढे-मागे धावतं.

10:52. बाकी 8 मिनिटं.
दुसरा स्क्रू. तिसरा. मागच्या गाडीतल्या आजोबांनी काच खाली करून हात हलवला. साडूभाऊंनीही हात हलवला.

10:58. बाकी 2 मिनिटं.
आजोबांनी काच वर केली.

11:00.
समोर गतिरोधक होता. पुढची चाकं उतरली, मागची चढली, आणि गुरुवारी कापलेल्या तिन्ही बाजूंनी पत्रा झडपेसारखा उघडला. तीन दिवसांचं सगळं, काचलोकरीसकट, रांगेच्या मधोमध. हॉर्न कोणी वाजवला नाही. एकामागून एक काचा मात्र वर गेल्या.

नंतर.
उद्यानाचे कर्मचारी आले, वाट बंद केली, क्लोरीनचं पाणी मारलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य असं नव्हतंच. मंगळवारी साडूभाऊ तिथूनच टाकी आणायला एल्कहार्टला गेले. अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर त्याच परिसरात बनतात, त्यामुळे जुन्या मापाची टाकी तिथल्या दुकानात मिळाली. जाताना घड्याळ पुन्हा एक तास पुढे गेलं, फुकटचा तास परत द्यावा लागला.
नवी टाकी बसली. लोंबत्या पाइपाला दोन पट्ट्याही लागल्या. आता वाद आहे तो पत्र्याचा. साडूभाऊ म्हणतात, टाकीखाली पत्रा नकोच, गळलं तर दिसू दे. ताई म्हणतात, इंडियानाच्या जानेवारीत उघडा व्हॉल्व्ह गोठून फुटला तर तेही दिसेलच.