खनिजशोधक प्रमथनाथ बोस

पोलादनगरीस १९१९ सालीं जमशेटजी टाटांचें नांव मिळालें, तें योग्यच झालें. परंतु ज्या डोंगराच्या लोखंडावर तो कारखाना उभा राहिला, त्या मयूरभंज संस्थानांतील गोरुमहिसानीचा शोध लावणारे प्रमथनाथ बोस (१८५५–१९३४) यांचें स्मरण आपल्याकडे कितीसें होतें?

टाटांची पहिली दृष्टि आपल्या चांदा जिल्ह्यांतील लोहाऱ्यावर होती. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीस निरुपयोगी ठरला. बोस त्या वेळीं सरकारी भूगर्भ-संशोधन खात्यांत होते. धल्ली-राजहराच्या लोहखनिजाचें वर्णन त्यांनीं १८८७ सालींच केलें. तरीही १९०३ मध्यें खात्याचें प्रमुखपद, नोकरींत दहा वर्षांनीं कनिष्ठ अशा हॉलंडसाहेबांस मिळालें. बोसांनीं राजीनामा दिला व ते मयूरभंजास गेले. हा अन्याय झाला नसता, तर गोरुमहिसानी कोणास कधीं सांपडती, कोण जाणे!

२४ फेब्रुवारी १९०४ रोजीं त्यांनीं जमशेटजींस पत्र लिहून तें खनिज कळविलें. जमशेटजी त्याच वर्षीं मे महिन्यांत निवर्तले. पुढील काम दोराबजींनीं नेलें. साकची येथें १९१२ सालीं पहिलें पोलाद ओतलें गेलें. त्याच्या इतिहासांत बोसांस आम्ही धन्याच्या शेजारींच बसवूं, पायरीवर नव्हे.