चार कलमांचा कायदा

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. राजयंत्राची धावपळ उडाली, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. कलमे अवघी चार! पहिल्यात कायद्याचे नाव व व्याप्ती. दुसऱ्यात सरकारला वाटेल तसे निर्बंध घालण्याचा अधिकार. तिसऱ्यात ते मोडणारास शिक्षा. चौथ्यात सद्भावनेने काम करणारास दाव्यांपासून अभय. रुग्णास कोणती शुश्रूषा मिळावी, याविषयी मात्र त्यात काही ठरवून दिलेले नव्हते, आणि खर्च कोणी सोसावा हे ठरविणे सरकारवरच सोपविले होते.

ही उणीव समाजाने आपल्या परीने भरून काढली. घरझडत्यांनी आणि सरकारी इस्पितळाच्या धास्तीने लोक हवालदिल झाले असता मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग-इस्पितळे काढली. पुण्यात टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग इस्पितळ उघडले. सावित्रीबाई फुले तर रुग्णसेवा करता करताच १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. उपचार करणाराची वाटही निष्कंटक नव्हती. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा लसीचे जनक हाफकिन यांच्यावर ठपका आला. ते निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले.

पुढे २०२० मध्ये कोविडची साथ आली आणि तोच जुना कायदा पुन्हा हाती घेण्यात आला. एप्रिलच्या वटहुकुमाने वैद्यकीय सेवकांवर हल्ला करणारास पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर इजा झाल्यास सात वर्षांपर्यंत कारावास ठरविला. मे महिन्यात महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले : साध्या विलगीकरण कक्षात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५००, कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,०००. रुग्णालयचालक न्यायालयात गेले. कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरविण्याचा अधिकार शासनास नाही, असा निर्णय ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. रुग्णालयास वेतने व औषधांची देणी चुकत नाहीत. आणि श्वास कोंडलेल्या माणसाला दरांची घासाघीस करता येत नाही. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम ऐन संकटात घाईने काढलेल्या हुकुमांवर सोपविले, की त्याचा निवाडा न्यायालयात होतो आणि तोवर भार रुग्णाच्या कुटुंबावर पडतो. हा मेळ साथ नसताना, शांतपणे घालावयास हवा. १८९७ च्या चार कलमांत जे लिहावयाचे राहून गेले, ते हेच होय.