गट जुळला, तरी ताप का?

रक्तगट जुळला, दात्याचं आणि रुग्णाचं रक्त ताडून पाहणारी क्रॉसमॅच चाचणी झाली, की रक्त निर्धोक असं आपण धरून चालतो. पण गट तंतोतंत जुळूनही रक्त चढत असताना रुग्णाला हुडहुडी भरते, ताप येतो. या तापाचा माग काढता काढताच आजची रक्तपिशवी घडली.

१९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड लुईसोन यांनी रक्त गोठू नये म्हणून लागणारं सोडियम सायट्रेटचं सुरक्षित प्रमाण ठरवलं: ०.२ टक्के. रक्त बाटलीत धरता येऊ लागलं, पण थंडी-तापाचं खापर सायट्रेटवर फुटलं. १९३३ मध्ये लुईसोन यांनीच सहकारी रोझेन्थाल यांच्यासह खरं कारण दाखवून दिलं. रबरी नळ्या नीट धुतल्या जात नव्हत्या. त्यांत जिवाणूंचे अंश राहत, आणि ते नुसत्या उकळण्यानं जात नाहीत. धुण्याची शिस्त लागली, तसा ताप कमी झाला.

१९५० च्या आसपास बोस्टनमध्ये कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी (धाकटे) यांनी प्लास्टिकची, एकदाच वापरायची पिशवी तयार केली. धुण्याचा प्रश्नच मिटला. शिवाय पिशवीला पिशवी नळीनं जोडून, बाहेरची हवा लागू न देता रक्ताचे घटक वेगळे करता आले. पुढे आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेनं देशी रक्तपिशवीचं तंत्र विकसित केलं.

तरीही काहींना ताप येतच राहिला. १९५७ मध्ये ब्रिटिंगहॅम आणि चॅप्लिन या अमेरिकी डॉक्टरांनी दात्याच्या पांढऱ्या पेशींकडे बोट दाखवलं. वारंवार रक्त घेणाऱ्यांच्या किंवा बाळंतपणं झालेल्या बायकांच्या शरीरात परक्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात. त्या पेशी पुन्हा आल्या की अंग पेटून उठतं.

रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट वेगळ्या काढताना पांढऱ्या पेशीही सोबत येतात. मग प्लेटलेट कशा काढायच्या, हा प्रश्न कळीचा झाला. एका पद्धतीत पिशवी सेंट्रीफ्यूजमध्ये आधी हलकेच फिरवतात, प्लेटलेट असलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, दुसऱ्या पिशवीत घेतात आणि तो जोरात फिरवून प्लेटलेट तळाशी बसवतात. दुसरी पद्धत युरोपात रुजली. तिच्यात पहिलाच फेरा जोराचा. वर पिवळा प्लाझ्मा, खाली तांबड्या पेशी आणि मधोमध सायीसारखा पातळ थर: हा बफी कोट. त्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी असतात. चार-पाच दात्यांचे थर एकत्र करून हलकेच फिरवले की प्लेटलेट वर तरंगतात, बहुतेक पांढऱ्या पेशी खाली राहतात. प्लेटलेट तळाशी दाबल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांना इजाही कमी होते.

१९९४ मध्ये कॅनडाच्या नॅन्सी हेडल आणि सहकाऱ्यांनी एक साधा, पण निर्णायक प्रयोग केला. प्लेटलेटच्या पिशवीतला द्रव आणि पेशी वेगळ्या करून त्यांनी दोन्ही एकाच रुग्णाला वेगवेगळे दिले. रिअॅक्शन जास्त आल्या त्या नुसत्या द्रवानं! प्लेटलेट २२ अंशांवर काही दिवस ठेवतात. तेवढ्या वेळात पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची ताप आणणारी रसायनं त्या द्रवात सोडून बसतात. रुग्णाच्या खाटेपाशी पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावला तर पेशी अडतात, रसायनं अडत नाहीत. म्हणून पांढऱ्या पेशी साठवणीआधीच काढायला हव्यात, हे पक्कं झालं. १९९९ मध्ये ब्रिटननं सगळ्याच रक्तासाठी हे सक्तीचं केलं, तेही प्रामुख्यानं मेंदूच्या एका वेगळ्या आजाराच्या, व्हेरिएंट सीजेडीच्या भीतीनं.

भारतात प्लेटलेट काढण्याच्या दोन्ही पद्धती चालतात, आणि फिल्टर अजून सरसकट लागत नाही, कारण तो महाग पडतो. दर काही आठवड्यांनी रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांना तरी पांढऱ्या पेशी काढलेलंच रक्त मिळालं पाहिजे. खर्चाचं कारण त्यांच्यापुढे टिकत नाही.

२०१२ मध्ये देशात हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला, रिअॅक्शनची नोंद व्हावी म्हणून. हुडहुडी भरली की रक्त ताबडतोब थांबवायचं, कारण तोच ताप चुकीच्या गटाचा किंवा जंतुसंसर्गाचाही असू शकतो. पण गोळी-इंजेक्शन देऊन विषय तिथंच संपवू नये. रक्तपेढीला कळवावं, पिशवी परत पाठवावी. ती पिशवी कशी तयार झाली, किती दिवस ठेवली होती, हे तिथंच तपासता येतं. नळ्यांचा दोष सापडला तो असाच, आणि पांढऱ्या पेशींचाही.