आवाज बंद केलेला नाच

1991 साली अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांनी ‘ट्रॅकर्स’ हा नाच रंगमंचावर आणला. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि संधिवातामुळे स्वतः नाचून दाखवणं अवघड झालं होतं. म्हणून या नाचातल्या काही हालचाली त्यांनी आधी कॉम्प्युटरवर रचल्या.

त्या प्रोग्रामचं नाव ‘लाइफ फॉर्म्स’. तो कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात तयार झाला होता. पडद्यावरच्या आकृतीचा गुडघा, कोपर, कंबर हवी तशी वळवायची, एकेक स्थिती ठरवायची. मधल्या हालचाली कॉम्प्युटर भरतो. नाही आवडलं तर पुसायचं. ती आकृती कधीकधी माणसाला न जमणारं काहीतरी करायची. मग त्यातलं काय जमतंय, हे तालमीत नर्तक शोधायचे.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी कित्येक वर्षांपूर्वीच नाच आणि संगीत वेगळं केलं होतं. दोन्ही स्वतंत्रपणे रचायचे आणि प्रयोगात एकत्र आणायचे. त्यामुळे मुक्यानं हलणारी आकृती त्यांना पुरेशी होती.

आता आमच्या रत्नागिरीतली जाखडी घ्या. गौरी-गणपतीत वाडीवाडीत ती रंगते. शाहीर आणि ढोलकीवाला मधोमध बसतात, नाचणारे त्यांच्याभोवती रिंगण धरतात. लय चढली की पावलं चढतात. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर आले की सवाल-जवाब सुरू होतात आणि त्यांचा जोर नाचणाऱ्यांच्या अंगात उतरतो. इथं नाच आवाजापासून सोडवताच येत नाही.

हीच जाखडी कुणी ‘लाइफ फॉर्म्स’सारख्या प्रोग्राममध्ये भरली, तर पावलं नीट नोंदली जातील, रिंगणही दिसेल. पण पाऊल आत्ताच का बदललं, हे कळणार नाही. ते कारण मध्ये बसलेलं आहे, आणि ते नाचत नाही.

म्हणून यंत्राला नावं ठेवायची गरज नाही. कनिंगहॅम यांचं हत्यार त्यांच्या नाचाच्या मापाचं होतं, एवढंच. आपलं बनवायचं तर ढोलकीपासून सुरुवात करावी लागेल: आधी ठेका, मग शाहिराचा शब्द, आणि सगळ्यात शेवटी पाय. आज फोनवर जाखडी टिपणाऱ्यांनाही हाच क्रम लागू आहे. नुसते पाय टिपले, तर पुढच्या पिढीच्या हाती कवायत येईल.