वळिवडेची पोलिश मुलं: युद्ध संपलं, तरी ती घरी का जाऊ शकली नाहीत?

शिरोली एमआयडीसीकडून महामार्गाने कोल्हापूरकडे येताना पंचगंगेचा पूल ओलांडला की तावडे हॉटेल चौक लागतो. तिथून एक रस्ता गांधीनगरला जातो. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या भागात, वळिवडे गावाजवळ, दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती.

ही मुलं इथे कशी आली?

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत रशियानेही पोलंडवर आक्रमण केलं. १९४० पासून पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवण्यात आलं. भूक, थंडी आणि आजारांनी अनेक मुलांचे आईवडील गेले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला आणि या कैद्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये त्यातले बरेच जण इराणला पोहोचले आणि तिथून काही भारतात आले.

बालाचडी आणि वळिवडे एकच का?

नाही. जामनगरजवळच्या बालाचडीत १९४२ मध्ये नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी मुलांना आसरा दिला. वळिवडेची छावणी १९४३ मध्ये सुरू झाली. इथे सुमारे पाच हजार जण राहत होते. त्यात प्रामुख्याने स्त्रिया आणि मुलं होती. शाळा, चर्च, दवाखाना असं छोटं पोलिश गावच इथे वसलं. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलंही वळिवडेला आली.

मग घरी का गेली नाहीत?

कारण घर आता पोलंडमध्ये उरलं नव्हतं. १९४५ नंतर पूर्व पोलंडचा मोठा भाग सोव्हिएत संघात गेला आणि पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. मुलांना सक्तीने परत पाठवलं जाऊ नये म्हणून जामसाहेब, फादर प्लुटा आणि ब्रिटिश अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी अनाथ मुलांचं पालकत्व स्वीकारलं. पुढे काही जण पोलंडला परतले, तर अनेक जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत गेले.

छावणीचं पुढे काय झालं?

फाळणीनंतर याच जागी सिंधी निर्वासितांना वसवण्यात आलं आणि गांधीनगर उभं राहिलं. एकाच जमिनीने काही वर्षांच्या अंतराने दोन देशांतल्या बेघरांना आसरा दिला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक असून, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे आदरांजली वाहिली.