फौजा गेल्या तरी टोप्या राहिल्या

जर्मनी आणि ऑस्ट्रियात लष्करी टोप्या शिवण्याचा धंदा आजही जिवंत आहे, पण त्याचं श्रेय लष्कराला देणं मला पटत नाही. इतकं बेभरवशाचं गिऱ्हाईक दुसरं नसेल. १८४२ साली प्रशियाने टोकदार चामडी शिरस्त्राण आणलं. १९१६ पासून पोलादी शिरस्त्राणाने ते बाजूला सारलं. व्हर्सायच्या तहाने जर्मन सेना १ लाखावर आणली, आणि १९४५ नंतर तर पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रियात दहा वर्षं सैन्यच नव्हतं. १९५५ साली सैन्यं पुन्हा उभी राहिली म्हणून कारागीर तरले, असं कुणी म्हणेल. पण तोवर त्यांचे हात रिकामे राहिले असते, तर मागणी येऊनही शिवलं असतं कुणी? कसब जपलं ते रेल्वे, टपाल, अग्निशमन दल आणि गावोगावच्या नेमबाज मंडळांच्या टोप्यांनी. अधिकाऱ्याच्या टोपीत घेर ताणून धरणारी तार, घाम टिपायला आतून चामड्याची पट्टी, शिवणीतून डोकावणारी रंगीत मगजी आणि कपाळावर कडक, चकचकीत छज्जा असतो. स्टेशनमास्तरची टोपीही अशीच बनते. बदलतो तो रंग आणि बिल्ला. उल्ममध्ये १८०० साली सुरू झालेल्या मायझर या हॅट बनवणाऱ्या कंपनीने तर पुढे फोम आणि यंत्रांची सुरक्षा-उपकरणंही बनवायला घेतली.